जीवाणूवरचा संशय

१७५५ साली इंग्लंडच्या संसदेपुढे मेंढपाळांच्या धंद्यातलं एक गाऱ्हाणं आलं. दलाल आजारी मेंढ्या निरोगी म्हणून गळ्यात मारतात आणि पुढे सगळा कळप हातचा जातो, अशी तक्रार होती. आजार ओळखायला सोपा, पण उशिरा ओळखू येणारा. मेंढी आधी बिचकते, कळपातून मागे राहते. मग कुंपणाच्या खांबाला, झाडाच्या बुंध्याला, भिंतीच्या कोपऱ्याला अंग घासू लागते. लोकरीचे झुबके गळतात, खाली कातडं सोलवटतं. पाठीच्या कण्यापाशी बोटांनी खाजवलं की ती मान वर करून ओठ चावल्यासारखे हलवते. जुन्या मेंढपाळांची हीच परीक्षा होती. पुढे मागचे पाय लटपटतात, खाऊनपिऊनही जनावर वाळत जातं आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरतं. पोट फाडून पाहिलं तर आत काहीच बिघडलेलं दिसत नाही. इंग्रजांनी या रोगाला स्क्रेपी म्हटलं. १७५९ सालच्या एका जर्मन शेतीविषयक पुस्तकात यावर रोखठोक सल्ला सापडतो: असं जनावर दिसलं की ताबडतोब वेगळं काढा, कारण हा आजार पसरतो आणि कळपाचं मोठं नुकसान करतो. जीवाणू म्हणजे काय हे जगाला कळायला अजून शंभरएक वर्षं होती.

पण याच धंद्यात दुसरीही एक माहिती फिरत होती, आणि ती उघडपणे कुणी बोलत नसे. उत्तम लोकरीसाठी मेंढ्यांची निवड करून पैदास करणाऱ्यांना ठाऊक होतं की काही मेंढ्यांच्या वंशात हा रोग पुन्हा पुन्हा उगवतो. विशिष्ट नर वापरला की तीन-चार वर्षांनी त्याची पिल्लं अंग घासू लागतात. अशा वंशाची बातमी फुटली तर नराला गिऱ्हाईक मिळायचं नाही, म्हणून ती दाबली जाई. म्हणजे मेंढपाळ म्हणत होता रोग लागतो, आणि पैदासकार मनातल्या मनात म्हणत होता रोग रक्तातून उतरतो. दोघंही डोळ्यांनी पाहिलेलंच सांगत होते. पुढची दोनशे वर्षं विद्वानांनी यातल्या एकाला खरं ठरवण्यासाठी दुसऱ्याला खोटं पाडलं. स्क्रेपीसारख्या मेंदू पोखरून मारणाऱ्या रोगांमागे एखादा जीवाणू असावा, असा जो तर्क विसाव्या शतकाच्या अखेरीला मांडला गेला, तोही माझ्या मते याच खोड्यात अडकला. तो तर्क वेडगळ नव्हता. त्याला वैद्यकाच्या इतिहासात भक्कम आधार होता. पण मेंढपाळाची साक्ष घेताना त्याने पैदासकाराची साक्ष नोंदवलीच नाही.

आधार कोणता, ते आधी पाहू. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातली वेड्यांची इस्पितळं एका विशिष्ट रोगाच्या माणसांनी भरलेली असत. चाळिशीतला धडधाकट माणूस एकाएकी बढाया मारू लागे, पैसे उधळी, मग जीभ अडखळे, हात थरथरत, स्मृती जाई, आणि काही वर्षांत तो अंथरुणाला खिळून मरे. याला वेड्यांचा सर्वांगवात म्हणत. कारणं कोणती सांगत? अतिश्रम, दारू, कामवासनेचा अतिरेक, आधुनिक जीवनाची दगदग. उपदंशाशी याचा संबंध असावा अशी कुजबुज १८५७ पासून होती, पण ती अनेक दशकं नुसती कुजबुजच राहिली. १९१३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांनी अशा रोग्यांचे ७० मेंदू तपासले आणि त्यांतल्या १४ मेंदूंत उपदंशाचा मळसूत्री जीवाणू दाखवला. म्हणजे मेंदू झिजवून माणूस मारणारा एक रोग खरोखरच जीवाणूचा निघाला. तो जीवाणू वर्षानुवर्षं गप्प बसून मग मेंदूवर उठत होता आणि त्याचा आकार मळसूत्री होता. हे तपशील लक्षात ठेवायला हवेत, कारण साठ-पासष्ट वर्षांनी ते पुन्हा समोर येणार होते. पुढे पेनिसिलिन आलं आणि हा रोग इस्पितळांतून जवळजवळ नाहीसा झाला. सर्वांगवाताच्या खटल्यात जीवाणूला दोषी ठरवणारा शेवटचा पुरावा हाच होता. नोगुचीला जीवाणू दिसला हे महत्त्वाचं होतंच, पण तो काढून टाकल्यावर रोग थांबला, हे त्याहून महत्त्वाचं.

मेंढ्यांच्या बाबतीत दिसणं आणि कारण असणं यांतली गल्लत त्याच सुमारास झाली, तीही एडिंबरामध्ये. १९१४ साली जे. पी. मॅकगोवन या संशोधकाने स्क्रेपीवर मोठा अहवाल लिहिला आणि रोगी मेंढ्यांच्या स्नायूंत आढळणारा एक सूक्ष्म परजीवी हे कारण म्हणून पुढे केलं. परजीवी खरा होता, सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसत होता. अडचण एवढीच की तो धडधाकट मेंढ्यांच्या स्नायूंतही तितकाच दिसे. त्याआधी फ्रान्समध्ये बेस्न्वा या पशुवैद्याने १८९८ च्या सुमारास रोगी मेंढ्यांच्या चेतापेशींत पोकळ्या पाहिल्या होत्या. रोगाची खरी खूण तीच होती. त्याने रोगी ऊती निरोगी मेंढ्यांना टोचूनही पाहिल्या, काही महिने वाट पाहिली, काही घडलं नाही, आणि रोग लागत नाही असा निष्कर्ष निघाला. त्या काळी रोगजंतू म्हणजे दिवसांत किंवा आठवड्यांत हात दाखवणारा. प्रयोगासाठी दोन वर्षं मेंढी पोसायची कल्पना कुणाला सुचत नव्हती आणि परवडतही नव्हती.

ती वाट तुलूझच्या पशुवैद्यकीय शाळेतल्या क्युइये आणि शेल यांनी पाहिली. त्यांनी रोगी मेंढीच्या मज्जारज्जूचा अंश दोन निरोगी मेंढ्यांच्या डोळ्यांत टोचला. एकीला चौदा महिन्यांनी, दुसरीला बावीस महिन्यांनी स्क्रेपी झाला. १९३६ साली ही बातमी छापून आली तेव्हा ब्रिटनमध्ये तोच प्रयोग, कुणाच्याही मनात नसताना, हजारो मेंढ्यांवर होऊन चुकला होता. मेंढ्यांच्या लुपिंग-इल नावाच्या विषाणूजन्य रोगावर डब्ल्यू. एस. गॉर्डन यांनी लस तयार केली होती. लुपिंग-इलची लागण केलेल्या मेंढ्यांचा मेंदू, मज्जारज्जू आणि प्लीहा वाटून, त्यात फॉर्मेलिन घालून विषाणू मारायचा, अशी पद्धत. १९३५ च्या एका खेपेतून सुमारे १८,००० मेंढ्यांना टोचणी झाली. दोन-अडीच वर्षांनी त्याच खेपेच्या मेंढ्या खांबाला अंग घासू लागल्या. लसीसाठी वापरलेल्या काही कोकरांच्या आयांच्या कळपात स्क्रेपी होता, हे मागाहून कळलं. लुपिंग-इलचा विषाणू फॉर्मेलिनने मेला होता. स्क्रेपीचं जे काही कारण होतं ते त्याच बाटलीत, त्याच फॉर्मेलिनमध्ये शाबूत राहिलं होतं. या अपघाताकडे नुसती दुर्दैवी चूक म्हणून पाहिलं जातं. खरं तर पुढच्या प्रत्येक तर्काला ओलांडावा लागणारा उंबरठा तिथेच रचला गेला. जे कोणी कारण सांगाल, ते फॉर्मेलिनमध्ये तगणारं असलं पाहिजे.

मग गोष्टी भराभर घडल्या. पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात फोरे लोकांत स्त्रिया आणि मुलं थरथरत मरत होती. १९५७ साली व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गायडुशेक यांनी त्या कुरू रोगाचं वर्णन केलं. १९५९ साली विल्यम हॅडलो या अमेरिकन पशुवैद्याने लॅन्सेटला पत्र लिहून सुचवलं की कुरूच्या मेंदूतल्या पोकळ्या स्क्रेपीसारख्याच आहेत, तेव्हा चिंपांझीला टोचून वर्षानुवर्षं वाट पाहा. १९६६ साली चिंपांझींना कुरू झाला, १९६८ मध्ये माणसांतल्या मेंदू झिजवणाऱ्या क्रॉइट्झफेल्ड-याकोब रोगाचीही त्यांना तशीच लागण झाली. मेंढीचा रोग आणि माणसाचा रोग एका कुळातले निघाले. स्क्रेपी उंदरांत नेता येतो हे १९६१ मध्ये कळल्यामुळे हिशेब करणं शक्य झालं होतं, आणि तो हिशेब लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात टिक्वा ऑल्पर या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी केला. किरणोत्साराचा मारा केला की जीवाणू, विषाणू मरतात, कारण त्यांची जनुकद्रव्यं तुटतात; वस्तू जितकी लहान तितका नेम चुकतो. ऑल्परना दिसलं की स्क्रेपीचं कारण ठाऊक असलेल्या कुठल्याही विषाणूपेक्षा खूपच लहान असलं पाहिजे. जनुकद्रव्याला हमखास मारणाऱ्या अतिनील किरणांनाही ते दाद देत नव्हतं. १९६७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये प्रश्न विचारला: हे जनुकद्रव्याशिवायच वाढतं की काय? त्याच वर्षी जे. एस. ग्रिफिथ या गणितज्ञाने प्रथिन स्वतःच्या घडीची नक्कल दुसऱ्या प्रथिनावर उमटवू शकेल, असे मार्ग कागदावर मांडून दाखवले.

या पार्श्वभूमीवर १९७९ साली अमेरिकन न्यूरोपॅथॉलॉजिस्ट फ्रँक बॅस्टियन यांनी क्रॉइट्झफेल्ड-याकोबच्या एका रोग्याच्या मेंदूचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यांना मळसूत्री आकृत्या दिसल्या. त्या त्यांनी स्पायरोप्लाझ्मा या जीवाणूशी जुळवल्या. स्पायरोप्लाझ्माची ओळख जगाला तेव्हा नवीन होती. याला पेशीभित्तिका नसते. तो इतका बारीक आणि लवचीक असतो की जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही निसटतो. मक्याची खुरटी वाढ आणि संत्रावर्गीय झाडांचा एक रोग त्याच्यामुळे होतो, आणि तुडतुडे तो झाडोझाडी नेतात. त्याचा एक भाऊबंद अमेरिकेतल्या सशांवरच्या गोचिडांत सापडला होता. तो पिल्लावस्थेतल्या उंदरांना टोचला की डोळ्यांत मोतीबिंदू होई आणि मेंदूत तो दीर्घकाळ ठाण मांडून बसे. म्हणजे गाळणीतून जाणारा, मळसूत्री, कीटकांवाटे फिरणारा, मेंदूत दीर्घकाळ राहणारा जीवाणू. नोगुचीची आठवण ठेवणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला याहून चांगला संशयित कुठून मिळणार? पुढच्या तीन दशकांत बॅस्टियन यांनी धागे जोडत नेले. या जीवाणूतले तंतू स्क्रेपीच्या मेंदूतल्या तंतूंसारखे दिसतात, रोगी मेंदूंत त्याच्या जनुकाचे तुकडे सापडतात, आणि २००७ साली तर मेंढ्या, बकऱ्या आणि हरणांच्या मेंदूत तो टोचल्यावर स्पंजासारख्या पोकळ्या तयार झाल्याचं त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलं. स्टॅनली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये प्रिऑन हा शब्द काढून निव्वळ प्रथिनाला गुन्हेगार ठरवलं, तेव्हा बहुतेक जीवशास्त्रज्ञांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. त्या वेळी तटस्थ माणसाला विचारलं असतं, तर जनुकांशिवाय वाढणाऱ्या प्रथिनापेक्षा जीवाणूच जास्त पटला असता. मला तरी ते अजूनही समजण्यासारखं वाटतं.

पण संशयिताची झडती सुरू झाली तेव्हा तो इतरांच्या हाती लागेना. १९८३ साली ब्रिटनमध्ये लीच, मॅथ्यूज आणि विल यांनी क्रॉइट्झफेल्ड-याकोबच्या रोग्यांकडून आलेल्या नमुन्यांत स्पायरोप्लाझ्मा वाढवण्याचा प्रयत्न केला आणि त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांचा शोध घेतला. हाती काही आलं नाही. २००६ साली स्क्रेपीने ग्रासलेल्या हॅमस्टरांच्या मेंदूंत स्पायरोप्लाझ्माचं, किंबहुना कुठल्याही जीवाणूचं, ओळखचिन्ह असलेलं जनुक शोधलं गेलं, तेही मिळालं नाही. आणि हॅमस्टरचा स्क्रेपी म्हणजे काही पुसटसा रोग नव्हे. अशा मेंदूच्या एका ग्रॅममध्ये रोग लावण्याच्या अब्जावधी मात्रा असतात. एवढ्या दाटीत जीवाणू असता तर त्याचं जनुक लपून राहणं कठीण. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी रॅकून या प्राण्यांच्या एका गटाला स्पायरोप्लाझ्मा टोचला आणि दुसऱ्या गटाला मिंकच्या याच कुळातल्या रोगाचा मेंदूअंश. दुसरा गट रोगी झाला, पहिला झाला नाही. मेंदूत थेट जीवाणू घुसवला तर तिथे जखम होणार, सूज येणार, पोकळ्याही दिसणार. पण मेंदूत पोकळी पाडणारी प्रत्येक गोष्ट स्क्रेपी नसते. मॅकगोवनचा परजीवी खरा होता तसा स्पायरोप्लाझ्माही खरा आहे. प्रश्न त्याच्या अस्तित्वाचा नाही.

यावर जीवाणूवाद्यांनी दिलेलं उत्तर असं की हा जीवाणू चिकट थराखाली दडून बसतो, म्हणून तो उष्णतेला, रसायनांना आणि शोधणाऱ्यांनाही चकवतो. जीवाणूंचे असे थर असतात, हे निर्विवाद. पण थर म्हणजे काही चिलखत नाही. त्याने जीवाणू काही पट चिवट होतो, अमर होत नाही. इथे ब्रिटनमधल्या एका वेगळ्याच धंद्याची साक्ष काढावी लागते. कत्तलखान्यातली हाडं, आतडी, मेंदू, चरबीचे तुकडे मोठ्या कढयांत शिजवून चरबी वेगळी काढायची आणि उरलेल्या चोथ्याची मांस-हाडांची भुकटी करून ती दुभत्या गाईंना खुराक म्हणून घालायची, हा उद्योग तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. शिजवणं शंभर अंशांच्या वर होई. १९८६ साली गाईंत मेंदूचा नवा रोग ओळखला गेला आणि चौकशीचं बोट याच भुकटीकडे वळलं. जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना अशी भुकटी घालायला बंदी झाली. रोगाचा सुप्तकाळ चार-पाच वर्षांचा, म्हणून आकडे आधी चढतच गेले आणि मग उतरू लागले. एकूण १,८०,००० हून जास्त गाईंत निदान झालं आणि लाखो जनावरं मारावी लागली. २० मार्च १९९६ रोजी सरकारने संसदेत कबूल केलं की माणसांतल्या क्रॉइट्झफेल्ड-याकोबच्या नव्या प्रकाराचा याच्याशी संबंध असावा. त्याने ब्रिटनमध्ये एकूण १७८ माणसं गेली. आता बिनभिंतीचा, नाजूक स्पायरोप्लाझ्मा त्या कढईत टाकून पाहा. कढईतून, वाळवणातून, गोदामातून पोत्यात येईपर्यंत तो जिवंत राहिला आणि गाईच्या चार कप्प्यांच्या पोटातून मेंदूपर्यंत पोचला, असं मानावं लागेल. लुपिंग-इलच्या बाटलीने जो प्रश्न १९३५ मध्ये विचारला, तोच ही कढई विचारते.

त्या वर्षांतल्या भीतीत संशयितांची रांगच लागली होती, आणि तिच्यात एकदा भारतही उभा राहिला. २००५ साली लॅन्सेटमध्ये अ‍ॅलन आणि नॅन्सी कोलचेस्टर यांनी तर्क लढवला की भारतीय उपखंडातून ब्रिटनला जाणाऱ्या हाडांच्या मालात गंगेत सोडलेल्या मानवी प्रेतांचे अवशेष मिसळले असावेत आणि गाईंचा रोग मूळ तिथून आला असावा. बंगळुरूच्या निमहान्समधल्या एस. के. शंकर आणि पी. सतीशचंद्र यांनी त्याच अंकात उत्तर दिलं. भारतात असे रोगी किती थोडे आढळतात हे त्यांनी दाखवून दिलं. साखळीतली एकही कडी दाखवता येत नसताना साखळी मात्र पूर्ण काढायची, हा त्या रांगेतल्या बऱ्याच तर्कांचा दोष होता. लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या अ‍ॅलन एब्रिंगर यांनी जीवाणूलाच वेगळ्या वाटेने गोवलं. अ‍ॅसिनेटोबॅक्टर नावाच्या, मातीत नि कातडीवर सर्रास असणाऱ्या जीवाणूची काही प्रथिनं मेंदूतल्या प्रथिनांसारखी आहेत. शरीर त्या जीवाणूवर हल्ला करायला जातं आणि चुकून स्वतःच्याच मेंदूवर घाव घालतं, असं त्यांचं म्हणणं. संधिवाताच्या काही प्रकारांत असला गोंधळ होतो, त्यामुळे हेही ऐकून सोडण्यासारखं नव्हतं. पण प्रतिकारशक्तीच नसलेल्या उंदरांच्या मेंदूत स्क्रेपी टोचला तरी ते मरतातच. हल्ला करणारं सैन्य गैरहजर असताना घाव घातला कुणी?

आता पैदासकाराची साक्ष. ऑक्सफर्डमधल्या एच. बी. पॅरी यांनी आयुष्यभर स्क्रेपीग्रस्त वंशांच्या वंशावळी तपासल्या आणि हा रोग आनुवंशिकच आहे असं ठासून सांगितलं. लागण होते हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं असताना पॅरी हट्टी वाटत. पण त्यांच्या वंशावळी खोट्या नव्हत्या. १९८५ साली चार्ल्स वाइसमन आणि प्रुसिनर यांच्या गटांनी शोधून काढलं की रोगी मेंदूत साठणाऱ्या प्रथिनाचं जनुक बाहेरून आलेलं नसतं. ते प्राण्याच्या स्वतःच्या पेशीत असतंच. १९८९ मध्ये मेंदू झिजवणाऱ्या एका आनुवंशिक मानवी रोगाच्या कुटुंबांत याच जनुकातला बदल सापडला. झुरिकमध्ये हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले आणि १९९३ साली दिसलं की त्यांना स्क्रेपी टोचला तर तो लागतच नाही. मेंढ्यांतही ज्या नरांच्या या जनुकाची ठेवण विशिष्ट असे, त्यांच्या पिल्लांना रोग होई, आणि दुसरी ठेवण असे त्यांना सहसा होत नसे. २००१ पासून ब्रिटनने आणि युरोपातल्या इतर देशांनी या आधारावर नर निवडायला सुरुवात केली आणि नेहमीचा स्क्रेपी ओसरत गेला. दोन-अडीच शतकं जी माहिती लपवली गेली, तीच आता रक्ततपासणीच्या दाखल्यावर छापून नराबरोबर विकली जाऊ लागली.

जीवाणूवादी इथे एक खरोखर चांगला आक्षेप घेतात. पोलिओचा विषाणू पेशीत शिरायला पेशीवरच्या एका प्रथिनाचा दरवाजा वापरतो. ते प्रथिन नसलं तर पोलिओ होत नाही. म्हणून ते प्रथिन पोलिओचं कारण ठरत नाही. तसंच प्रिऑन-प्रथिन हा स्पायरोप्लाझ्माचा नुसता दरवाजा का नसावा? या आक्षेपाला १९९३ चे उंदीर उत्तर देऊ शकत नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. पण दुसरे प्रयोग देतात. प्रथिन नसलेल्या उंदराच्या मेंदूत प्रथिन असलेल्या मेंदूचा तुकडा रोवला आणि रोग टोचला, तर रोवलेला तुकडा पोखरला जातो, आजूबाजूचा मेंदू शाबूत राहतो. दरवाजाच्या कल्पनेने हेही कसंबसं समजावता येईल. पण २०१० साली अमेरिकेत जे झालं ते नाही. त्या प्रयोगात उंदराचं प्रिऑन-प्रथिन ई. कोलाय जीवाणूंकडून बनवून घेतलं, शुद्ध केलं, नळीत एक स्निग्ध रेणू आणि थोडं आरएनए घालून त्याची घडी उलटवली, आणि ते धडधाकट उंदरांना टोचलं. उंदीर प्रिऑन-रोगाने मेले, आणि त्यांच्या मेंदूने पुढच्या उंदरांना रोग लागला. या सगळ्या कथेत जीवाणूची एक भूमिका अखेर निर्विवाद ठरली ती अशी: मजुराची. त्याआधी २००५ मध्ये रोगी मेंदूचा अंश निरोगी मेंदूच्या द्रावणात इतक्या वेळा पातळ करत नेला होता की मूळ नमुन्यातला एकही रेणू उरण्याची शक्यता राहिली नव्हती. तरी प्रत्येक टप्प्यावर प्रथिनाची चुकीची घडी पुढे सरकत राहिली आणि शेवटचं द्रावण हॅमस्टरांना मारू शकलं. असल्या पातळ करण्यात जीवाणू तगायचा तर त्याने त्या नळीत वाढायला हवं, आणि कंपनांनी ढवळलेल्या मेंदूच्या काढ्यात भित्तिका नसलेला जीवाणू वाढत नाही, फुटतो.

बंडखोराला आधी हसतात आणि मग नोबेल देतात, पोटातल्या अल्सरचं आठवा, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात जठरातला जीवाणू वाढवला तेव्हा त्यांना हसले होते, आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, हे खरं. पण त्यांचा विजय हसण्यामुळे झाला नाही. इतर देशांतल्या इतर प्रयोगशाळांनी तोच जीवाणू वाढवला, आणि प्रतिजैविकांनी तो मारल्यावर अल्सर परतला नाही. आणि या न्यायाने पाहिलं तर प्रुसिनरही बंडखोरच होते. १९९७ मध्ये त्यांना एकट्याला नोबेल मिळालं तेव्हासुद्धा नाराजी उघड व्यक्त झाली होती. क्रॉइट्झफेल्ड-याकोबच्या रोग्यांना डॉक्सिसायक्लिन देऊन पाहण्याची चाचणी फ्रान्स आणि इटलीत झाली आणि २०१४ साली तिचे निष्कर्ष आले. औषध निवडलं होतं ते प्रथिनाला चिकटतं म्हणून, जीवाणू मारायला नव्हे. पण टेट्रासायक्लिनच्या कुळातलं हे औषध स्पायरोप्लाझ्मालाही मारक असतं. रोग्यांचं आयुष्य त्याने वाढलं नाही. लक्षणं दिसेपर्यंत मेंदूचं नुकसान फार पुढे गेलेलं असतं, त्यामुळे ही चाचणी एकटी काही ठरवत नाही. पण सर्वांगवाताच्या रोग्यांत पेनिसिलिनने उशिरासुद्धा रोग थांबवला होता. इथे तसं काहीच दिसलं नाही.

तरी या वादातली काही ठिकाणं अजून मोकळी आहेत, आणि ती मोकळी ठेवायला हवीत. बहुतेक क्रॉइट्झफेल्ड-याकोबच्या रोग्यांत ना वंशाचा वारसा असतो ना लागण. पहिलं प्रथिन उलटं कशाने पडतं ते स्पष्ट नाही. आइसलँडमध्ये स्क्रेपीग्रस्त कळप मारून, गोठे रिकामे ठेवून, काही वर्षांनी नव्या मेंढ्या आणल्या तरी रोग परत आला. एका मेंढवाड्यात तर सोळा वर्षं तो टिकून राहिल्याचं दिसलं. तिथल्या गवतातल्या सूक्ष्म किड्यांचा अर्क टोचून काही उंदरांना स्क्रेपी झाल्याचं १९९६ मध्ये छापून आलं. किडे रोग वाहू शकतात, असं बॅस्टियन यांचा तुडतुड्यांपासूनचा युक्तिवाद सांगतो, त्यात म्हणूनच तथ्य असू शकतं. फक्त किडा वाहतो ते प्रथिन असेल.

हा प्रश्न आज सर्वांत जास्त पेटलेला आहे तो हरणांमुळे. १९६७ साली कोलोराडोतल्या एका संशोधन केंद्रात पाळलेली हरणं वाळून मरू लागली. १९८० मध्ये एलिझाबेथ विल्यम्स आणि स्टुअर्ट यंग यांनी तो याच कुळातला रोग असल्याचं दाखवलं. आता तो उत्तर अमेरिकेत दूरवर पसरला आहे. २०१६ मध्ये तो नॉर्वेतल्या रानटी रेनडियरमध्येही सापडला, तेव्हा तिथल्या सरकारने नूरफ्येला भागातला दोन हजारांहून मोठा कळप पूर्ण मारला आणि ती कुरणं वर्षानुवर्षं रिकामी ठेवली. अमेरिकेतल्या काही शिकारी संघटनांना हा उपाय मान्य नाही, आणि जीवाणूवरच्या संशोधनाला त्यांनी हातभार लावला, हे नवल नाही. जीवाणू असेल तर लस निघेल, औषध निघेल, कळप मारावा लागणार नाही. ही आशा समजते. पण शिकारी रानातून परतताना त्याच्या सुरीला जे लागलेलं असतं, ते उकळत्या पाण्याने किंवा स्पिरिटने जात नाही. २०१९ साली झालेल्या तपासणीत असं दिसलं की घरगुती ब्लीचच्या ४० टक्के द्रावणात पाच मिनिटं बुडवली तर स्टीलच्या पृष्ठभागावरचं हरणांचं हे प्रथिन निष्प्रभ होतं, मात्र मांसाच्या किंवा मेंदूच्या तुकड्याच्या आत ब्लीच पोचत नाही. म्हणून सुरीवरचं मांस आधी पूर्ण खरवडून काढायचं आणि मगच ती ब्लीचमध्ये टाकायची.